जादूटोणाविरोधी कायदा नेमके काय पाहतो?

नवी मुंबईत ओव्याच्या तिठ्यावर किंवा शेजारच्या खारघरमध्ये एखाद्या सोसायटीच्या फाटकापाशी कापलेले लिंबू, कुंकू आणि काळी बाहुली दिसली, की फोटो निघतो आणि दुपारपर्यंत ‘अघोरी प्रकाराने खळबळ’ अशा मथळ्याने मोबाइलवर फिरू लागतो. मग दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : हा गुन्हा नाही का? दुसरा : मग उद्या आमच्या सत्यनारायणावरही बंदी येणार का? कायदा उघडून पाहिला, तर दोन्ही शंका मिटतात.

अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. वर्षानुवर्षे रखडलेला हा कायदा त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने तो संमत केला. त्याचे नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम. पण त्याचा जीव शेवटी जोडलेल्या अनुसूचीत आहे. तिथे बारा नोंदी आहेत आणि त्यांत मोडणारेच कृत्य गुन्हा ठरते.

नोंदी वाचल्या, की रोख कळतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे. चमत्कार दाखवून पैसे उकळणे. गुप्तधनासाठी नरबळी देणे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडेदोरे करत बसणे. बोटांनी शस्त्रक्रिया करतो किंवा गर्भाचे लिंग बदलतो असे सांगणे. मूल होईल असे आमिष दाखवून बाईचे लैंगिक शोषण करणे. शिक्षा किमान सहा महिने, कमाल सात वर्षे. दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कृत्य करणाऱ्याइतकाच त्याचा प्रचार आणि जाहिरात करणाराही अडकतो.

सगळ्या नोंदींत समान धागा एकच : कोणाला तरी इजा, लुबाडणूक किंवा दहशत. म्हणून रस्त्यावर नुसते पडलेले लिंबू हा गुन्हा नाही. तेच दाखवून ‘तुझ्या घराचा नाश करीन’ असे शेजाऱ्याला धमकावले, तर मात्र पोलिसांना विचार करावा लागेल.

दुसऱ्या शंकेचे उत्तर कायद्यातच लिहिलेले आहे. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, सण, मिरवणुका, कान टोचणे, जैनांचे केशलोचन, इतकेच काय, वास्तुशास्त्राचा आणि ज्योतिषाचा सल्लासुद्धा त्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. देऊळ, दर्गा, चर्च, गुरुद्वारा किंवा घर, कुठेही केलेली उपासना जोवर कोणाला शारीरिक वा आर्थिक हानी पोहोचवत नाही, तोवर कायद्याचा तिच्याशी संबंध नाही. तरीही ‘हा हिंदूंविरुद्धचा कायदा’ हा प्रचार सभांमधून आणि पत्रकांतून झाला.

सर्वांत दुर्लक्षित नोंद आरोप करणाऱ्यांबद्दल आहे. अमका करणी करतो, त्याच्या मंत्राने गाई-म्हशींचे दूध आटते किंवा तो सैतानाचा अवतार आहे असे जाहीर करून कोणाचे जगणे नकोसे करणे, हाच गुन्हा आहे. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवून गावाने छळणे यातच येते. म्हणजे ‘जादूटोणा’ या शब्दाला भिऊन जो कायदा मागतो, तोच बिनपुराव्याचे बोट दाखवून त्याच कायद्यात सापडू शकतो. राजकारणी हे सहज विसरतात. 2025 च्या फेब्रुवारीत मुंबईतील मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्याच्या आवारात रेड्याची शिंगे पुरल्याचा आरोप झाला आणि वृत्तवाहिन्यांना चर्चेला विषय मिळाला. कोणाचे काय नुकसान झाले, हा कायद्याचा पहिला प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

नुकसान न पाहता नुसत्या नावाला भिण्याचा हाच घोळ परदेशातही दिसतो. विक्का हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुढे आणलेला निसर्गपूजक पंथ. सैतान ही ख्रिस्ती परंपरेत रुजलेली कल्पना. विक्कात तिला जागाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 1966 साली अँटन लावे यांनी स्थापलेले ‘चर्च ऑफ सेटन’ सैतानाला खराखुरा देव न मानता प्रतीक मानते. तरीही 1980 च्या दशकात अमेरिकेत सैतानपूजकांची भीती पसरली. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडीच्या चालकांवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि त्यांत सैतानी विधींच्या कहाण्याही मिसळल्या. खटला वर्षानुवर्षे चालला, 1990 मध्ये संपला. दोषी कोणीही ठरले नाही. सैतानाचे नाव ऐकूनच लोकांनी निकाल लावून टाकला होता.

तेव्हा लोकलच्या डब्यात ‘वशीकरण, मूठकरणी, चोवीस तासांत गुण’ असा कागद दिसला किंवा आजारी माणसाला मांत्रिकाकडे डांबल्याचे कळले, तर काय करावे? पोलीस ठाण्यात जावे. कायद्याने निरीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद केली आहे. तक्रारीत ‘अघोरी’, ‘सैतानी’ ही विशेषणे गाळावीत आणि चार गोष्टी लिहाव्यात : कोणी, कोणाला, केव्हा, काय केले. जाहिरातीचा कागद, पैसे दिल्याची नोंद, जखमेचे दवाखान्यातले कागद सोबत जोडावेत. बातमी देणाऱ्यानेही मथळा लिहिण्याआधी याच चार गोष्टी विचारल्या, तर निम्म्या बातम्या छापण्याची गरजच उरणार नाही आणि उरलेल्या खऱ्या गुन्ह्यांच्या असतील.