शाळाप्रवेशसिद्धता

शाळाप्रवेशसिद्धता म्हणजे इयत्ता पहिलीचे शिक्षण सुरू करण्यासाठी बालकाची झालेली शारीरिक, बौद्धिक, भाषिक, सामाजिक व भावनिक तयारी.

महाराष्ट्रात प्रवेश मात्र वयावरून ठरतो. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सहा वर्षे पूर्ण होणारे बालक पहिलीसाठी पात्र असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम १३ नुसार प्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाचणी घेता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

सिद्धता तपासण्याचा हेतू त्यामुळे निवड हा नसून साहाय्य हा असतो. २०२२ पासून राज्यातील शाळांत भरणाऱ्या ‘शाळापूर्व तयारी मेळाव्यां’त बालकाकडून वस्तू मोजणे, चित्राविषयी बोलणे अशा कृती करून घेतल्या जातात आणि घरी कोणता सराव द्यावा, हे मातांना सांगितले जाते.

रायगड जिल्ह्यातील कोंडाणे हे गाव ज्या कर्जत तालुक्यात आहे, तेथे ठाकर व कातकरी समाजांची वस्ती आहे. त्यांची घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी असते. प्रमाण भाषेतील प्रश्नाला उत्तर न देणारे बालक बोलीत विचारल्यास उत्तर देऊ शकते. अशा वेळी उणीव बालकाच्या तयारीत नसून शाळेच्या तयारीत असते.