शिक्षकाच्या मनावरील ओझें

शाळा बंद झाली म्हणजे शिक्षकास विश्रांति मिळाली, असा समज २०२० सालच्या महामारींत सर्वत्र पसरला होता. यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव पाहिला असतां तो किती एकांगी होता हें ध्यानांत येतें.

मार्च २०२० च्या मध्यास दुबईहून परतलेल्या कांहीं प्रवाशांना कोरोनाची लागण झाल्याचें यवतमाळांत आढळलें, आणि त्याच सुमारास राज्यांतील शाळांना कुलुपें लागलीं. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हें धोरण ठरलें. परंतु झरी-जामणी, मारेगांवकडील कोलामांच्या पोडांवर, जेथें अनेक घरांत स्मार्टफोनच नाहीं, तेथें तें शिक्षण पोंचावयाचें कसें? त्यांतच राज्यांत ठिकठिकाणीं शिक्षकांवर घरोघर पाहणी करण्याचें काम पडलें. पुढें फेब्रुवारी २०२१ मध्यें अमरावती, अकोला व यवतमाळ येथें रोगानें पुन्हां उचल खाल्ली, आणि नुकत्याच उघडलेल्या शाळा परत मिटल्या.

मन केवळ श्रमानें थकत नाहीं; श्रमाचें फळ दिसेनासें झालें म्हणजे तें अधिक लवकर थकतें. वर्गांत मुलाला समजलें कीं नाहीं हें त्याच्या चेहऱ्यावरून तत्काळ कळतें, व तोच शिक्षकाचा खरा विसावा होय. मोबाईलच्या पडद्यावर तो हरपला. शिवाय घरोघर फिरून आपणच रोग घरीं नेऊं कीं काय ही धास्ती, आणि उद्यां कोणता हुकूम येईल याची अनिश्चितता. झोंप उडणें, चिडचिड होणें, माणसें टाळणें हीं त्याचीं लक्षणें. त्यांस आळस वा दुबळेपणा समजणें हा अन्याय होय.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं अशा थकव्यास रोग न म्हणतां कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलें. तेव्हां उपायहि तेथूनच सुरू व्हावयास हवा: हुकूम स्पष्ट असावेत, कामाच्या वेळेला सीमा असावी, आणि मुख्याध्यापकांनीं अहवाल मागण्यापूर्वीं विचारपूस करावी. विचारपुशीचें मोल या जिल्ह्यास नवें नाहीं. शेतकऱ्यांच्या मनोव्यथेसाठीं येथें राबविलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पांत आशा कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन तेंच केलें. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस'ची विनामूल्य सेवाहि सुरू झाली.

मुलांचें मन सांभाळण्याची अपेक्षा ज्याच्याकडून करावयाची, त्याचें मनहि कोणीतरी सांभाळावें लागतें. हें कर्तव्य सरकारचें आहेच. पण मुलांस शाळेंत धाडणाऱ्या प्रत्येक घराचेंहि आहे.