ईरी सरोवराचा गाळ व शेतांतील खत

शेतांतील स्फुरद पावसाबरोबर वाहून गेलें म्हणजे पैसा बुडाला, एवढेंच आपण समजतों. पुढें त्याचें काय होतें हें उत्तर अमेरिकेंतील ईरी सरोवरांत पाहावें. मॉमी नदीच्या खोऱ्यांतील मका व सोयाबीनच्या शेतांतून तें सरोवरांत उतरतें. त्यावर शेवाळ माजतें, मरतें व तळाशीं बसतें. तें कुजवितांना गाळांतील सूक्ष्म जंतु पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतात. सरोवराच्या मध्यभागीं तळचा प्राणवायु उन्हाळ्याअखेर बहुतेक संपतो. मग त्यावांचून न जगणारे जंतु मागें पडतात, आणि त्याऐवजीं लोहाचा गंज व गंधकाम्लाचे क्षार वापरणारे बळावतात.

खरी मेख येथेंच आहे. गंज टिकतो तोंवर स्फुरद त्यास चिकटून गाळांत बंदिस्त राहतें. गंज विरघळला कीं तें सुटून वर येतें व नव्या शेवाळास पोसतें. म्हणून बाहेरून येणारें स्फुरद आटोक्यांत आलें तरी सरोवर लगेच सुधारत नाहीं.

१९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सांडपाण्यांतील स्फुरद पुष्कळ घटलें. तथापि ऑगस्ट २०१४ मध्यें विषारी शेवाळामुळें टोलेडो शहरांत नळाचें पाणी पिण्याची मनाई झाली. (तेथें मुख्य दोष नदीनें नव्यानें आणलेल्या स्फुरदाचा.) तेथील शेतकऱ्यांस आतां हें खत वर न फेंकतां मातीआड देण्यास सांगतात.