पहिलीच्या आधी (भाग ५) : ओट्यावरचा माता गट

गेल्या भागात अंगणवाडीताईंच्या रजिस्टरांबद्दल लिहिलं. आज त्या रजिस्टरांत फारशा न सापडणाऱ्या बायकांबद्दल. या बायकांना मानधन मिळत नाही, साडीचा गणवेश मिळत नाही, आणि त्यांची बैठक कुणाच्या तरी ओट्यावर भरते.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे अंगणवाड्या बंद झाल्या आणि पुढे दोन वर्षं मुलं घरातच वाढली. ती थेट पहिलीच्या दारात उभी राहणार, म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं. शिक्षण विभागाच्या जोडीला ‘प्रथम’ ही संस्था होती. शाळेच्या आवारात मेळावा भरतो. आई मुलाचा हात धरून एकेका टेबलापाशी जाते. एकीकडे आखलेल्या रेषेवरून चालायचं, दुसरीकडे वस्तूंचे गट लावायचे, तिसरीकडे चित्रात काय दिसतं ते सांगायचं. मूल काय करतं याची नोंद विकासपत्रावर होते. शाळा उघडताना दुसरा मेळावा होतो आणि मधल्या आठवड्यांतलं काम माता गटाकडे असतं. शेजारपाजारच्या चार-सहा आया, त्यांतली एक पुढाकार घेणारी ‘लीडर माता’. आठवड्याला काय करायचं ते कार्डावर किंवा मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओत येतं.

‘मला काय येतंय शिकवायला? मी चौथीतूनच शाळा सोडली,’ ही बहुतेकींची पहिली प्रतिक्रिया. पण या वयाच्या मुलाला लागणारं बरंचसं शिक्षण तिच्या स्वयंपाकघरातच आहे. मोजणीचंच बघा. पाच वर्षांचं पोर वीसपर्यंत आकडे धडाधड म्हणतं आणि घरच्यांना वाटतं, याला मोजता येतं. त्याच्यापुढे सहा वाट्या मांडा. एका वाटीवर बोट दोनदा पडतं, दुसरी राहूनच जाते, आणि उत्तर येतं आठ. आकडे तोंडपाठ आहेत; एका वस्तूला एकच आकडा ही जोडणी अजून बसलेली नाही. ती बसते पानं घेताना. ‘आजीला एक वाटी, बाबांना एक, ताईला एक,’ असं रोज केलं की संख्या हाताला कळते. सांडलेली मटकी आणि हरभरे वेगळे करताना वर्गीकरण होतं. शेंगा सोलताना, कणकेचे गोळे करताना बोटांत तो जोर येतो, जो नसला तर पहिलीत पेन्सिल धड धरता येत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून ‘यातला तुझा शर्ट कुठला, बाबांचा केवढा?’ एवढं विचारलं तरी लहान-मोठं आणि भाषा दोन्ही होतं. अट एकच, आईने घाई करायची नाही. सकाळी नळाला पाणी आलेलं असताना ही अट पाळणं किती अवघड, हे कार्ड छापणाऱ्यांना ठाऊक असेलच असं नाही!

ही वाट आपल्याकडे जुनी आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीत नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि अंगणातच बसवायचं. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं आणि काड्या हेच साहित्य झालं. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेलं.

पण बायकांच्या उत्साहावर योजना उभी करायची सवय सरकारला लवकर लागते, हेही याच इतिहासात दिसतं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सेविकांना कर्मचारी मानलंच नाही. मानधनावर काम करणाऱ्या समाजसेविका म्हणूनच त्या राहिल्या. ग्रॅच्युइटीचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०२२ मध्ये, म्हणजे माता गटांचं काम सुरू झालं त्याच वर्षी. आईने आपल्या आणि शेजारणीच्या मुलाला आठवड्यातून थोडा वेळ द्यावा, हे मला पटतं. उद्या तिच्याकडून फोटो, फॉर्म आणि हजेरी मागायला लागले, तर मात्र ते फुकटचं कारकुनी काम होईल. आणि गटाच्या नावातच माता असल्यामुळे वडील आपसूक सुटतात, ते वेगळंच. शेंगा सोलायला त्यांना कोणी मनाई केलेली नाही.

खरी अडचण वेळापत्रकात आहे. पालघर, ठाणे आणि रायगडमधली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. एप्रिलमध्ये गावच्या शाळेत टेबलं मांडली जातात, तेव्हा ही मुलं भट्टीवर असतात. त्यांच्या आयाही तिथेच, पहाटेपासून विटा पाडत. त्यांना उसंतही नाही आणि ओटाही नाही. त्यांच्यासाठी मेळावाच भट्टीवर जायला हवा, आणि तोही हंगाम सुरू झाल्यावर लगेच, डिसेंबर-जानेवारीत. अशी शाळा मजुरांच्या झोपड्यांपाशी नेण्याचा प्रयत्न याच भागात पूर्वी झालेला आहे. पुढच्या भागात त्या भोंगाशाळांबद्दल.