परीक्षेतलं इंग्रजी आणि शब्दांचे शेजारी

‘द गव्हर्नमेंट शुड डू अ लॉट ऑफ थिंग्ज टु मेक पीपल हेल्दी.’ या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. अर्थही लख्ख आहे. पण केंब्रिजच्या ‘सी-वन ॲडव्हान्स्ड’ परीक्षेत किंवा आयईएलटीएसच्या निबंधात पहिल्यापासून शेवटपर्यंत अशीच वाक्यं आली, तर लेखनाचे गुण खाली येतात आणि चूक कुठे झाली हे परीक्षार्थीला उमगत नाही. आता त्याच विचाराचं दुसरं रूप पाहा: ‘गव्हर्नमेंट्स हॅव अ क्रुशल रोल टु प्ले इन प्रमोटिंग पब्लिक हेल्थ.’ यातही डिक्शनरी उघडावी लागेल असा एक शब्द नाही. ‘रोल’, ‘पब्लिक’, ‘हेल्थ’ तर मराठी बोलण्यातही रुळलेले. फरक पडला तो कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसला यामुळे.

परदेशी विद्यापीठात प्रवेश हवा असो किंवा तिकडे नोकरी, आज पुण्या-नागपुरापासून पणजीपर्यंत या परीक्षांचे क्लास चालतात. अनेक क्लासमधून ‘हाय बँड व्होकॅब्युलरी’ची झेरॉक्सही फिरते. ‘प्लेथोरा’, ‘मिरिअड’, ‘इन धिस कंटेम्पररी इरा’, ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ अशी भारदस्त माळ तिच्यात असते. मुलं ती रात्र रात्र जागून पाठ करतात. मेहनत खरी असते. वाईट याचंच वाटतं की एवढ्याच मेहनतीत कितीतरी अधिक उपयोगाचं काही पदरात पडलं असतं.

परीक्षक नेमकं काय पाहतो, हे गुपित नाही. आयईएलटीएसच्या लेखनात दोन प्रश्न आणि एक तास. पहिल्या प्रश्नाचं उत्तर किमान १५० शब्दांचं, दुसरा निबंध किमान २५० शब्दांचा, आणि निबंधाला दुप्पट वजन. गुणांचे निकष चार आणि चारही सारख्या तोलाचे: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणीची सलगता, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाची विविधता व अचूकता. शब्दसंपत्तीसाठी सात बँड (म्हणजे गुणपातळी) मिळवायचा तर परीक्षार्थीने थोडे कमी वापरातले शब्द वापरावेत आणि ते वापरताना शैलीचं व शब्दांच्या जोड्यांचं भान दिसावं, अशी अपेक्षा जाहीर तक्त्यातच लिहिलेली आहे. ‘अवघड शब्द’ असं तिथे म्हटलेलं नाही. केंब्रिजच्या सी-वन परीक्षेत दीड तासात २२० ते २६० शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात. त्यातला निबंध सक्तीचा, तर दुसऱ्यासाठी पत्र किंवा ईमेल, अहवाल, प्रस्ताव आणि परीक्षण यांतून निवड. तिथेही आशय, वाचकाशी साधलेला संवाद, रचना आणि भाषा या चार बाजूंनी प्रत्येकी शून्य ते पाच गुण मिळतात.

अशा परीक्षा पूर्वी याहून कितीतरी निष्ठुर होत्या. केंब्रिजने प्रावीण्य परीक्षा पहिल्यांदा घेतली ती १९१३ मध्ये. पेपर मिळून सुमारे बारा तासांचे होते, त्यात भाषांतर होतं, ध्वनिशास्त्र होतं, साहित्यही होतं. परीक्षेला तीन जण बसले आणि तिघेही नापास झाले.

मग आजच्या परीक्षेसाठी शिकायचे शब्द तरी कोणते? याचं सर्वांत भक्कम उत्तर न्यूझीलंडमधून आलं. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी वेगवेगळ्या विद्याशाखांचा मिळून सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला आणि २००० साली ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध केली. रोजच्या वापरातले सुमारे दोन हजार शब्द त्यांनी आधीच वगळले. त्यासाठी आधार घेतला १९५३च्या एका जुन्या यादीचा. ती करणारे मायकल वेस्ट हे ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देणारे गृहस्थ. बंगाली मुलांना परकी भाषा वाचताना काय जड जातं, या प्रश्नापासून त्यांचं काम सुरू झालं होतं. कॉक्सहेड यांच्या यादीत ५७० शब्दकुळं आहेत आणि शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा तेवढ्यांनी व्यापला जातो. त्यात कोणते शब्द आहेत? ‘ॲनालाइझ’, ‘फॅक्टर’, ‘पॉलिसी’, ‘सिग्निफिकंट’, ‘बेनिफिट’, ‘असेस’. ‘प्लेथोरा’ त्यात नाही. झेरॉक्सवर पैसे घालण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने ही यादी एकदा तरी डोळ्यांखालून घालायला हवी.

पण यादीतला शब्द सुटा शिकून भागत नाही. आपल्याकडे मोर्चा काढतात, सभा घेतात, उपोषणाला बसतात आणि गुन्हा दाखल करतात. ‘उपोषण काढलं’ किंवा ‘मोर्चाला बसले’ असं कुणी म्हटलं तर अर्थ कळेल, पण बोलणाऱ्याची मराठी घरची नाही हेही त्याच क्षणी कळेल. इंग्रजीत हेच पावलोपावली घडतं. चूक ‘मेक’ करतात, संशोधन ‘कंडक्ट’ करतात, निष्कर्ष ‘ड्रॉ’ करतात, जागृती ‘रेझ’ करतात, एखादी गोष्ट धोका ‘पोझ’ करते, प्रश्न ‘ॲड्रेस’ किंवा ‘टॅकल’ करतात. मराठीत यांतल्या अनेकांचं काम ‘करणे’ हे एकच क्रियापद निभावून नेतं, म्हणून मराठी मुलाच्या हातून ‘डू अ मिस्टेक’ सहज लिहिलं जातं. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हा विचार भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ १९२०च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये संगणकावर प्रचंड मजकूर गोळा करून तो विचार शब्दकोशात उतरवला. आज कोणत्याही चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत शब्दाखाली त्याच्या जोड्या दिलेल्या असतात.

म्हणूनच वहीत नुसतं ‘इम्पॅक्ट’ लिहून ठेवण्यात अर्थ नाही. ‘हॅव अ प्रोफाउंड इम्पॅक्ट ऑन’ अशी पूर्ण ओळ लिहावी. ‘रिसर्च’ लिहिताना त्याचं अनेकवचन होत नाही हेही शेजारी नोंदवावं. ‘रिसर्चेस’, ‘ॲडव्हाइसेस’, ‘इक्विपमेंट्स’ या आपल्याकडच्या नेहमीच्या चुका परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत.

औपचारिकपणाचं गणित मराठी वाचकाला समजायला सोपं आहे. ‘पाणी पिणे’ आणि ‘जलप्राशन’ यांतलं अंतर त्याच्या कानाला सवयीचं असतं. इंग्रजीतही घरगुती शब्द बहुतेक जुन्या जर्मानिक घराण्यातले, तर दरबारी आणि विद्वत्तेचे शब्द फ्रेंच-लॅटिन घराण्यातले. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा ओघ वाढला. त्यामुळे निबंधात ‘गेट’ऐवजी ‘ऑब्टेन’, ‘गो अप’ऐवजी ‘इन्क्रीज’, ‘गेट रिड ऑफ’ऐवजी ‘एलिमिनेट’, ‘अ लॉट ऑफ’ऐवजी ‘अ कन्सिडरेबल नंबर ऑफ’ शोभतं. ‘डोन्ट’, ‘कान्ट’ ही जोडरूपं पूर्ण लिहायची. मात्र दोन शब्दी क्रियापद दिसलं की ते हद्दपारच करायचं, हा क्लासमधला नियम चुकीचा आहे. ‘कॅरी आउट अ सर्व्हे’ कोणत्याही शोधनिबंधात चालतं. उलट ‘हेल्प’च्या जागी प्रत्येक वेळी ‘फॅसिलिटेट’ घुसडलं की मजकूर फुगतो आणि वाचणाऱ्याला दम लागतो.

सर्वांत मोठा लाभ मिळतो तो क्रियापदाचं नाम करण्यात. एक नमुना घ्या. ‘मेनी यंग पीपल आर लीव्हिंग देअर व्हिलेजेस. सो सिटीज आर गेटिंग व्हेरी क्राउडेड.’ बारावीचा विद्यार्थी साधारण असं लिहितो. पहिलं वाक्य तसंच ठेवून दुसरं असं करून पाहा: ‘धिस मायग्रेशन हॅज पुट कन्सिडरेबल प्रेशर ऑन अर्बन हाउसिंग.’ ‘धिस मायग्रेशन’ या दोन शब्दांनी तीन कामं केली. आधीच्या वाक्यातली सगळी घटना एका नामात बांधली, दोन वाक्यांत सांधा बसवला, आणि ‘सो’ची गरज उरली नाही. ‘धिस ट्रेंड’, ‘सच अ पॉलिसी’, ‘धीज मेजर्स’, ‘धिस ॲप्रोच’ अशी डझनभर नामं हाताशी असली की निबंध आपोआप सलग वाचला जातो.

जोडशब्दांबाबत मुलांना खरोखरच सावध करायला हवं. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोर’, ‘हाउएव्हर’ चिकटवलं की गुण वाढतात, असा समज पक्का बसला आहे. आयईएलटीएसचा तक्ता नेमकं उलटं सांगतो. यांत्रिक वाटणारी जोडणी सहाव्या बँडची खूण धरली आहे, आणि नवव्या बँडच्या उत्तरात ही जोडणी क्वचितच नजरेत भरते. त्यातही ‘ऑन द कॉन्ट्ररी’चा फार चुकीचा वापर होतो. दोन बाजू तोलायच्या असतील तर ‘ऑन द अदर हँड’ किंवा ‘बाय कॉन्ट्रास्ट’ लिहावं. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ वापरायचं ते आधीचं म्हणणं खोडून काढताना: रस्ता रुंद केल्याने कोंडी सुटली नाही, उलट ती वाढली, अशा अर्थी. आणि दोन पूर्ण वाक्यांमध्ये ‘हाउएव्हर’ येत असेल तर त्याच्या आधी स्वल्पविराम पुरत नाही, पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो.

आणखी एक गोष्ट आपल्या शाळांत शिकवलीच जात नाही: बेताने बोलणं. मराठी वक्तृत्व स्पर्धेत ‘मोबाइलने पिढी बरबाद केली’ म्हटलं की टाळ्या पडतात. इंग्रजी शैक्षणिक लेखनात एवढ्या ठाम विधानाला पुरावा मागितला जातो. तिथे ‘एक्सेसिव्ह स्क्रीन टाइम मे वेल इम्पेअर चिल्ड्रन्स ॲबिलिटी टु कॉन्सन्ट्रेट’ हे वाक्य अधिक विश्वासार्ह ठरतं. ‘टेंड टु’, ‘इज लाइकली टु’, ‘इट कुड बी आर्ग्युड दॅट’, ‘टु अ लार्ज एक्स्टेंट’ ही त्या घराण्यातली मंडळी. अशा बेताच्या बोलण्याचा सर्वांत सुंदर नमुना विज्ञानातच सापडतो. २५ एप्रिल १९५३च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी गुंडाळी जगापुढे मांडली. शतकातला एवढा मोठा शोध, पण लेखाच्या सुरुवातीला ते एक रचना सुचवू इच्छितात इतकंच म्हणतात. त्या रचनेतून आनुवंशिक द्रव्याची प्रत कशी तयार होत असावी, हे आपल्या नजरेतून सुटलेलं नाही असं सांगून तो मुद्दा ते एका वाक्यात आटोपतात. विधान जितकं मोठं, तितकी भाषा जपून, ही शिस्त अवघ्या पानभराच्या त्या लेखात अनुभवायला मिळते. बेताचाही अतिरेक होतो, हे मात्र ध्यानात ठेवावं. ‘मे’, ‘पॉसिब्ली’ आणि ‘परहॅप्स’ एकाच वाक्यात आले तर लेखकालाच आपलं मत ठाऊक नाही असं वाटतं.

पत्र आणि अहवालात आपली अडचण निराळी. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सदर बाब’, ‘कळविण्यात येते की’ या सरकारी मराठीवर आपला पत्राचा हात घडलेला असतो आणि भारतीय कार्यालयांतलं इंग्रजीही त्याच वळणाचं. म्हणून परीक्षेत ‘रिस्पेक्टेड सर’, ‘काइंडली डू द नीडफुल’, ‘आय विल रिव्हर्ट’ उतरतं. ‘डू द नीडफुल’ एके काळी ब्रिटनमध्येही सर्रास लिहीत. आता तिथे ते जुनाट वाटतं. त्याऐवजी ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड’ लिहावं. सुरुवात ‘डिअर सर ऑर मॅडम’ने केली असेल तर शेवट ‘युअर्स फेथफुली’ने, आणि आडनावाने संबोधलं असेल तर ‘युअर्स सिन्सिअरली’ने, असा ब्रिटिश रिवाज आहे. अहवालाला ठसठशीत उपशीर्षकं हवीत. पहिलं वाक्य ‘द एम ऑफ धिस रिपोर्ट इज टु’ असं सुरू झालं तर कुणी नवं नाही म्हणून गुण कापत नाही. शिफारशीत ‘इट इज रेकमेंडेड दॅट द लायब्ररी बी केप्ट ओपन अंटिल टेन’ असं लिहावं. तिथला ‘बी’ नियमाप्रमाणे बरोबर आहे, त्याला ‘इज’ करायची गरज नाही. वाक्याचा क्रम उलटवणारी ‘नॉट ओन्ली डज इट’ किंवा ‘शुड धिस प्रपोझल बी ॲक्सेप्टेड’ ही वळणं डौलदार खरी, पण अडीचशे शब्दांत एखादं पुरे.

या साऱ्यात किती काही पणाला लागलेलं असतं, ते परिचारिकांच्या उदाहरणातून दिसतं. ब्रिटनच्या ‘नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल’कडे नोंदणी करताना आयईएलटीएसच्या चारही भागांत सात गुण लागत. डिसेंबर २०१८ मध्ये कौन्सिलने फक्त लेखनाची अट साडेसहावर आणली. वाचन, श्रवण आणि संभाषण सातवरच राहिलं. वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाची गाडी या एका पेपरात अर्ध्या गुणाने अडकत असेल, तर त्याला आयत्या शब्दांच्या माळा देणं हा त्याच्यावर अन्यायच आहे.

सरावाची चांगली साधनं फुकट मिळतात. मँचेस्टर विद्यापीठातल्या जॉन मॉर्ली यांची ‘ॲकॅडेमिक फ्रेजबँक’ इंटरनेटवर खुली आहे. तिथले वाक्यांश कामानुसार लावलेत: मर्यादा सांगताना, तुलना करताना, कारण देताना. एखाद्या इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख घ्यावा, त्यातल्या क्रियापद-नामाच्या जोड्या खाली रेघ मारून वहीत उतरवाव्यात, आणि त्याच आठवड्यात त्या आपल्या निबंधात वापराव्यात. आठवड्याला दहा जोड्या पुरतात. निबंधाच्या चाळीस मिनिटांतली शेवटची चार तपासणीसाठी राखावीत आणि ती दोन गोष्टींवर खर्चावीत. एक, एकवचनी कर्त्याच्या क्रियापदाला लागणारा ‘एस’. दुसरी, ‘अ’ आणि ‘द’. मराठीत ही उपपदं नाहीतच, त्यामुळे लिहिण्याच्या ओघात ती हमखास गळतात आणि वाचताना गळलेली दिसतही नाहीत. प्रत्येक नामावर बोट ठेवून मागून पुढे वाचत गेलं की ती सापडतात.