निवड गुणाची की महिन्याची?

फुटबॉलच्या निवड चाचणीमागचे विज्ञान

नीरा डाव्या कालव्याच्या काठी, उसाच्या शेतांनी वेढलेले कोऱ्हाळे बुद्रुक हे बारामती तालुक्यातील गाव. समजा, या गावच्या शाळेच्या मैदानावर दहा वर्षांच्या मुलांची फुटबॉलची निवड चाचणी आहे. दत्ता आणि किसन ही एकाच वर्गातील दोन मुले रांगेत उभी आहेत. दत्ताचा जन्म ५ जानेवारीचा, तर किसनचा त्याच वर्षीच्या २० डिसेंबरचा. दत्ता चेंडूला जोरात लाथ मारतो, किसनला खांद्याने सहज बाजूला सारतो आणि निवडला जातो. किसन घरी जातो. बहुधा कायमचाच, कारण ‘आपल्याला हा खेळ जमत नाही’ अशी त्याची समजूत झालेली असते.

परीक्षकांनी लबाडी केली काय? मुळीच नाही. दिसले त्याप्रमाणे त्यांनी प्रामाणिकपणे गुण दिले. परंतु त्यांनी मोजले काय, खेळाचे कसब की वय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासारखे आहे. कारण गुणी मुलाला कोणत्या प्रशिक्षण केंद्रात घालावे हा प्रश्न आज कितीतरी घरांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर या निवडीपासूनच सुरू होते.

साडेअकरा महिन्यांचे अंतर

फुटबॉलमधील वयोगट साधारणपणे १ जानेवारी या तारखेने ठरतात. आपल्या शालेय स्पर्धांतही अमुक वर्षाच्या १ जानेवारीस किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू चालतो. म्हणजेच दत्ता आणि किसन कागदोपत्री एकाच वयाचे! प्रत्यक्षात त्यांच्यात साडेअकरा महिन्यांचे अंतर आहे. चाळीस वर्षांच्या माणसाला एवढे अंतर काहीच वाटणार नाही. परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा होतो. या वयात मुले वर्षाला सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर उंच होतात. तेव्हा दत्ता चार बोटे उंच आणि थोडा वजनदार असला तर नवल ते काय?

ही गोष्ट प्रथम ठळकपणे ध्यानात आली ती कॅनडात. तेथे बर्फावरील हॉकी हा खेळ फार लोकप्रिय आहे. १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळातील खेळाडूंच्या जन्मतारखा मांडून पाहिल्या. वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले खेळाडू शेवटच्या तिमाहीतील खेळाडूंपेक्षा पुष्कळच अधिक निघाले. या परिणामाला ‘सापेक्ष वयाचा परिणाम’ असे म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, ‘जानेवारीत जन्मलेल्यांचे ग्रहच बलवान असतील!’ विज्ञानात अशा शंकेचे निरसन प्रयोगाने करावे लागते. योगायोगाने असा प्रयोग बेल्जियममध्ये घडूनही आला. तेथील युवक फुटबॉलचे वर्ष पूर्वी १ ऑगस्टपासून मोजत. तेव्हा निवडल्या जाणाऱ्या मुलांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांचा भरणा असे. १९९७ साली ही तारीख बदलून १ जानेवारी करण्यात आली. आणि काय झाले? थोड्याच काळात जानेवारी ते मार्चमधील मुलांची संख्या वाढली आणि ऑगस्ट-ऑक्टोबरची मुले मागे पडली. आकाशातील ग्रह होते तसेच होते, मुलेही त्याच देशातील होती. बदलली होती ती केवळ कागदावरची एक तारीख. इंग्लंडमध्ये हे वर्ष १ सप्टेंबरपासून धरतात, आणि तेथे सप्टेंबर ते नोव्हेंबरमधील मुलांचे पारडे जड आढळते.

वाढीचे घड्याळ

जन्मतारीख हा या गोष्टीचा अर्धाच भाग झाला. एकाच दिवशी जन्मलेली दोन मुलेदेखील सारख्या गतीने वाढत नाहीत.

फ्रान्समधील मोंबेयार या गृहस्थांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी मोजण्याचा परिपाठ ठेवला आणि तो १७७७ पर्यंत, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत चालविला. ब्यूफाँ या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञाने त्या नोंदी छापल्या. त्यांवरून आलेख काढला, की उंची सारख्या दराने वाढत नाही हे स्पष्ट दिसते. लहानपणी वाढीचा वेग झपाट्याने कमी होतो, मग बरीच वर्षे तो मंद राहतो, आणि वयात येताना एकदम उसळी घेतो. मुलांमध्ये ही झेप सर्वसाधारणपणे चौदाव्या वर्षाच्या सुमारास, तर मुलींमध्ये सुमारे दोन वर्षे आधी येते. ऐन भरात मुलगा वर्षाला ९ ते १० सेंटिमीटरही वाढतो. परंतु कोणाची झेप बाराव्या वर्षी येते, तर कोणाची सोळाव्या. दोन्ही प्रकार निरोगीच.

आता मैदानावर काय होते ते पाहा. तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाची झेप येऊन गेली आहे. त्याचे वस्तुमान ५० किलोग्रॅम. दुसऱ्याची यायची आहे. त्याचे ३६ किलोग्रॅम. दोघेही सेकंदाला ५ मीटर वेगाने समोरासमोर चेंडूकडे धावत येतात. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. पहिल्याचा संवेग २५०, दुसऱ्याचा १८०. धडकेनंतर दोघे क्षणभर एकमेकांना चिकटून राहिले असे मानले, तर संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार उरलेला ७० एवढा संवेग ८६ किलोग्रॅमच्या जोडीत वाटला जाईल. म्हणजे ती जोडी सेकंदाला सुमारे ०.८ मीटर वेगाने लहान मुलाच्या बाजूला ढकलली जाईल. यात खेळाचे कसब कोठे आले? चार-पाच वर्षांनी दोघांचेही वजन ६२ किलोग्रॅमच्या आसपास आले, की हा फायदा आपोआप नाहीसा होईल.

मात्र तोवर बहुधा उशीर झालेला असतो. निवडलेल्या मुलाला चांगला प्रशिक्षक, बूट, सामने आणि शाबासकी मिळते. न निवडलेल्याला यांतले काहीच मिळत नाही. वर्षभराने पहिला खरोखरच अधिक चांगला खेळू लागतो, आणि ‘पाहा, आमची निवड बरोबर होती!’ असे म्हणायला आपण मोकळे होतो. व्याजावर व्याज चढावे तसा सुरुवातीचा लहानसा फरक वाढत जातो.

हॅरी केन हा इंग्लंडचा खेळाडू २८ जुलै १९९३ रोजी जन्मला. १ सप्टेंबरपासून वर्ष मोजणाऱ्या त्या देशात तो आपल्या गटातील अगदी धाकट्यांपैकी एक होता. बालपणी आर्सेनल या नामांकित क्लबने त्याला आपल्या केंद्रातून कमी केले. पुढे तो दुसऱ्या क्लबातून वर आला आणि २०२३ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठी सर्वांत अधिक गोल करणारा खेळाडू ठरला. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही हे खरे. परंतु बालपणीची निवड चुकू शकते एवढे त्यावरून निश्चित कळते.

घोडचुका टाळण्याचे उपाय

हाडांची वाढ किती झाली आहे हे मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून ताडता येते. वय लपविण्याची लबाडी पकडण्यासाठी जागतिक फुटबॉल संघटनेने २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची चुंबकीय प्रतिमा घेण्याची पद्धत सुरू केली. खोटा दाखला लावून मुलाला लहान दाखविणारे पालक दुसऱ्या एखाद्या लहान मुलाची जागाच हिरावून घेत असतात, हे या ठिकाणी सांगितले पाहिजे.

शाळेत क्ष-किरणांची गरज नाही. आई-वडिलांच्या उंचीवरून एक ढोबळ अंदाज काढता येतो. मुलासाठी दोघांच्या उंचीची बेरीज करून तीत १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचे. मुलीसाठी १३ वजा करून दोनाने भागायचे. समजा, दोन मुले आज सारखीच १५० सेंटिमीटर उंच आहेत. पहिल्याचे वडील १६४ आणि आई १५३ सेंटिमीटर, अंदाज १६५. दुसऱ्याचे वडील १७३ आणि आई १५८, अंदाज १७२. पहिल्याने आपल्या अंदाजित उंचीच्या सुमारे ९१ टक्के गाठली, दुसऱ्याने ८७ टक्केच. दुसऱ्याची वाढ अजून अधिक शिल्लक असण्याचा संभव आहे. या अंदाजात आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणून त्यावरून कोणालाही काढू किंवा घेऊ नये. त्याचा उपयोग एवढाच, की परीक्षकाने घाई करू नये. इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या केंद्रांनी अशाच टक्केवारीवरून गट पाडून मुलांचे सामने खेळवून पाहिले आहेत. अशा सामन्यांत लवकर वाढलेल्या मुलाला ताकदीऐवजी डोके चालवावे लागते, आणि उशिरा वाढणाऱ्याला आपले कसब दाखविण्यास वाव मिळतो.

केंद्र कसे निवडावे?

आपल्या राज्यात गुणी मुलांसाठी वाटा आहेत. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या संघांनी फुटबॉल पिढ्यान्पिढ्या जिवंत ठेवला आहे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या संघात होता. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या संकुलात आज शासनाची प्रबोधिनी आहे. तिच्यासाठी मुले निवडताना उंची, वजन, ३० मीटर धावणे, उभी उडी, लांब उडी, चेंडूफेक, लवचीकता, ६ × १० मीटर धावणे आणि ८०० मीटर धावणे अशा चाचण्या घेतल्या जातात. या मोजण्या उपयुक्त आहेतच. मात्र त्यांतील बहुतेकींवर वाढीच्या घड्याळाचा परिणाम होतो हे ध्यानात ठेवावे. एका वर्षी नाव आले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जावे.

खासगी अकादम्याही आता पुष्कळ आहेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची मान्यता आणि प्रशिक्षकाचा परवाना या गोष्टी प्रथम पाहाव्यात. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत.

एक : मुलाच्या पायाला चेंडू किती वेळ लागतो? चाळीस मिनिटांच्या खेळात बावीस मुले आणि एक चेंडू असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोन मिनिटेही येत नाहीत. चार विरुद्ध चार खेळविले, तर पाच मिनिटे येतात. लहान वयात लहान गटच हवेत.

दोन : मुलांची उंची दर तीन महिन्यांनी मोजून लिहून ठेवतात काय? झेपेच्या काळात हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या नाजूक असतात. गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा दुखू लागणे हा या वयातील खेळाडूंचा नेहमीचा विकार; ऑस्गुड आणि श्लॅटर या दोन वैद्यांनी १९०३ साली त्याचे वर्णन केले. त्या दिवसांत सराव कमी करणे हा शहाणपणा होय.

तीन : विश्रांती किती? आठवड्यातील सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून अधिक नसावेत, असा एक सोपा दंडक क्रीडावैद्य सांगतात. दहा वर्षांच्या मुलाला आठवड्यास दहा तास पुरेत. उरलेल्या वेळी त्याने खो-खो खेळावा, कालव्यात नव्हे तर सुरक्षित जागी पोहावे, झाडावर चढावे.

चार : शाळेचे काय? घर सोडून राहावे लागणार असेल, तर अभ्यास कोण घेणार आणि मूल परत आले तर त्याचे वर्ष वाया जाणार नाही ना, हे आधी विचारावे. कोऱ्हाळ्याहून रोज पुण्याला जाऊन-येऊन सराव होणार नाही. दहा-बारा वर्षांपर्यंत गावातील मैदान, एक कळकळीचा शिक्षक आणि बारामतीपर्यंतचे सामने एवढे बहुतेकांना पुरेसे असते.

आणि पाचवा : एकदा नाकारलेल्या मुलाला पुन्हा पाहतात काय? जे केंद्र ‘नाही’ म्हणते ते चालेल. पैसे घेऊन ‘निवड नक्की’ असे सांगणारे मात्र टाळावे.

तुम्ही करून पाहा

आता एक प्रयोग. तुमच्या शाळेच्या संघातील खेळाडूंचे जन्ममहिने लिहा आणि त्यांचे जानेवारी-मार्च, एप्रिल-जून, जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर असे चार गट करा. तुलनेसाठी, शिक्षकांच्या परवानगीने, जनरल रजिस्टरवरून त्याच वर्षी जन्मलेल्या सर्व विद्यार्थ्यांचेही तसेच गट करा. नावे लिहू नका, केवळ महिने घ्या. सोळा जणांच्या संघात प्रत्येक गटात बरोबर चार येतीलच असे नाही; नाणेफेकीतही छापा-काटा समसमान कोठे येतात? म्हणून आसपासच्या पाच-सहा शाळांचे संघ एकत्र करा. जुन्या रजिस्टरांत १ जूनला जन्मलेल्यांची गर्दी दिसेल. जन्मतारीख ठाऊक नसली, की शाळेत घालताना तीच तारीख मांडण्याची पूर्वी रीत होती. अशा नोंदी बाजूला ठेवा, नाहीतर दुसरी तिमाही उगाच फुगेल.

शिक्षकांसाठीही एक सूचना. पुढच्या निवड चाचणीत मुलांना जन्माच्या क्रमाने अंक द्यावेत. सर्वांत मोठ्या मुलाच्या पाठीवर १ आणि सर्वांत धाकट्याच्या पाठीवर शेवटचा अंक. परीक्षकाला डोळ्यांसमोर वय दिसत राहिले, की लहान मुलाकडे तो निराळ्या नजरेने पाहतो. खर्च काही नाही; खडू आणि कागद पुरे. आणि जी मुले मागे राहतील त्यांची उंची, जन्ममहिना व चेंडूवरील ताबा एका वहीत लिहून, त्यांना आठवड्यातून दोन दिवस तरी त्याच मैदानावर खेळू द्यावे. पुढच्या वर्षी ती वही उघडून पुन्हा चाचणी घ्यावी.