भूगर्भातील पाण्याची पारख

धान्याच्या व्यापाऱ्यास मालाची पारख शिकवावी लागत नाही. पोत्यात अणकुचीदार नळी खुपसून वरचे, मधले व तळचे दाणे तो तळहातावर घेतो आणि मगच भाव बोलतो. भूमीची व तिच्या पोटातील पाण्याची परीक्षा याच न्यायाने चालते. फरक इतकाच की हे पोते उघडता येत नाही व त्याचा तळ कोठे आहे हेही आरंभी ठाऊक नसते. गोदामासाठी जुन्या कारखान्याची जागा घेताना किंवा वस्तीतील विहिरीचे पाणी अचानक बदलले असता आमच्या बंधूंचा या विद्येशी संबंध येतो, म्हणून तिची थोडी फोड करीत आहोत.

ही गोष्ट किती मोलाची आहे हे उदयपूरजवळच्या बिछडी गावाने दाखविले. तेथे १९८८ च्या सुमारास कापडाच्या रंगांसाठी लागणारे ‘एच् ॲसिड’ तयार होऊ लागले. माल निघाला अवघा सुमारे ३७५ टन. त्यामागे गाळ उरला २,४०० टनांच्या वर, आणि तो उघड्यावर टाकण्यात आला. पावसाने तो जमिनीत मुरविला, विहिरींचे पाणी काळवंडले व पिण्यास निरुपयोगी झाले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तेथे तपास केला, आणि १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शुद्धीकरणाचा खर्च कारखानदारांवरच बसविला. नफ्याचा व त्या खर्चाचा मेळ कोणत्याही खातेवहीत बसावयाचा नाही.

तपासाचा आरंभ यंत्राने होत नाही. जागेवर पूर्वी काय होत होते, टाक्या कोठे पुरल्या होत्या, सांडपाणी कोणत्या बाजूस सोडीत, हे जुने नकाशे व जुने कामगार यांच्याकडून प्रथम समजून घेतात. नंतर आसपासच्या विहिरींची मोजदाद होते. पोलादी फीत खडू लावून विहिरीत सोडली की भिजलेल्या रेषेवरून पाण्याची पातळी कळते. एका ओळीत नसलेल्या तीन विहिरी घ्याव्या. एकाच खुणेपासून मोजता त्यांच्या पाण्याची उंची समजा ६२.४०, ६१.१० व ५९.८० मीटर भरली, तर भूजल कोणत्या दिशेस उतरते हे कागदावर रेघा ओढूनच काढता येते. मग एक विहीर उतारावरची व एक चढावरची तपासावी. चढावरच्या स्वच्छ पाण्याशी तुलना केल्यावाचून दोष कोणाच्या पदरी घालावा हे ठरत नाही.

मात्र आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात हे गणित जपून वापरावे. तेथे पाणी भेगांतून धावते व कित्येकदा उतार सोडून भलतीकडे निघते. माळव्याच्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात, त्यांतून वळवाच्या पहिल्या सरीबरोबर मळ थेट खाली जातो. गोव्याचा जांभा तर चाळणीसारखा सच्छिद्र.

मातीसाठी हाताने फिरविण्याच्या गिरमिटाने ठरावीक खोलीवरचे नमुने काढतात. प्रत्येक वेळी पाते धुतलेच पाहिजे, नाहीतर वरची घाण खाली पोहोचल्याचा खोटा पुरावा तयार होतो. पाण्यासाठी निरीक्षण-नलिका खोदतात. नलिकेत साचलेले पाणी शिळे असते, म्हणून नमुन्यापूर्वी त्याच्या निदान तिप्पट पाणी उपसून टाकण्याचा प्रघात आहे. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नलिकेत बारा मीटर पाणी असल्यास ते सुमारे ९४ लिटर भरते. अर्थात २८० लिटरांहून अधिक उपसावे लागते. तापमान, आम्लता व विद्युद्वाहकता यांचे आकडे स्थिर झाले की खरे पाणी आले असे समजावे. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पण यंत्रे धुण्याची काही द्रावणे पाण्याहून जड असल्याने तळाशी बसतात. यास्तव केवळ वरचे पाणी भरून आणणारा परीक्षक अर्धीच परीक्षा करितो.

धातूंच्या तपासणीचा नमुना आम्ल घालून टिकवितात, उडून जाणाऱ्या द्रव्यांचा काचेच्या कुपीत हवेचा बुडबुडा न ठेवता भरतात, आणि सर्व कुप्या बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवितात. सोबत शुद्ध पाण्याची एक कुपीही जाते. तिच्यात दोष निघाला तर तो वाटेतला होय. कुपी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची नोंद हुंडीइतक्या काटेकोरपणे ठेवावी लागते.

आमच्या कारखानदार सभासदांनी कायद्याचे एक कलम मात्र ध्यानी ठेवावे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २१ व्या कलमानुसार अधिकारी सांडपाण्याचा नमुना घेण्यास आला असता तो आपल्या समक्ष दोन भागांत विभागण्याची मागणी मालकास करता येते. दोन्ही भागांवर मोहोर लागते व दोघांच्याही सह्या होतात. ही मागणी त्याच वेळी करावी लागते; मालक गप्प राहिला तर नमुना एकाच भांड्यात भरून रवाना होतो.